पंचाचे कान

आमच्या भावजींना शिव्या खायची सवय होती. फुटबॉलचा पंच व्हायचं आणि शिव्या नकोत म्हणायचं, हे पाण्यात उतरून अंग कोरडं राहावं म्हणण्यासारखं आहे, असं ते स्वतःच हसत सांगायचे. मला मात्र हे कधी जमलं नाही. माझ्या ताईच्या नवऱ्याला कुणी वेडंवाकडं बोललं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो, आजही होतो. तेव्हा पुढचं सगळं मी शांत डोक्याने सांगेन, अशी कुणी आशा धरू नये.

त्यांचा पोटापाण्याचा धंदा शिलाई मशीन दुरुस्त करण्याचा. पंचगिरी सुट्टीच्या दिवशी. ते शिट्टी वाजवायचे त्या दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये खेळाडू पगारी होते, क्लबांना मालक होते, तिकिटं लागायची, टीव्हीवर सामने दिसायचे. पंच मात्र सगळे आपापलं काम सांभाळून येणारे. मोठ्या लीगसारखी कानात बोलणारी यंत्रं नव्हती, की पडद्यावर बघून चूक सुधारणारं कुणी नव्हतं. एक शिट्टी, खिशात दोन कार्डं आणि दोन्ही बाजूंना झेंडा घेतलेला एकेक लाइनमन. संपला कारभार.

आमच्या घरात ते आले तेही मशीनमुळेच. बाबांचा शिवणाचा कारखाना होता. कारखाना आपला म्हणायचा. एक लांबट खोली, मशीनच्या दोन ओळी, टोकाला कापायचं टेबल आणि शाळा-दवाखान्यांच्या गणवेशांचे ढीग. पहिल्या दिवशी ते आले तेव्हा बाबा ओरडले, "मशीन थांबवा गं सगळ्या, मेकॅनिक आलाय." तर हे दारातूनच म्हणाले, "नका थांबवू. चालू देत." आणि मान एका बाजूला कलवून, डोळे अर्धवट मिटून उभे राहिले. मला वाटलं, गडी उभ्या उभ्या झोपला. मग डोळे उघडून म्हणाले, "खिडकीकडून तिसरं. शटल घासतंय."

खिडकीकडून तिसऱ्या मशीनवर ताई बसायची. बाबांची तक्रार भलत्याच मशीनची होती, पण ताईचं मशीन खोललं तर शटलला, खालचा दोरा फिरवणाऱ्या भागाला, खरंच बारीक ओरखडा पडलेला. एवढ्या खडखडाटात तुम्हाला एकाच मशीनचा आवाज कळला कसा, असं मी विचारलं. तेव्हा म्हणाले, "बाकीची सगळी एका सुरात ओरडत असतात. जे अडचणीत असतं ते वेगळं ओरडतं." पुढे ताईचं मशीन दर पंधरवड्याला बिघडायला लागलं, तेव्हा बाबांनी ओळखायचं ते ओळखलं आणि दोघांचं लग्न लावून दिलं.

मैदानावरही भावजी कानांवरच चालायचे. पाय चेंडूला लागला की आवाज भरीव येतो, नडगीला लागला की कोरडा येतो, आणि नाटक करणारा आधी ओरडतो आणि मग पडतो, असं ते मला समजावत बसायचे. हे सगळं चालायचं मी त्यांच्या काळ्या शर्टाला खिसे लावत असताना. पिवळ्या कार्डाचा खिसा छातीवर, लाल कार्डाचा मागे पँटला. "लालपर्यंत हात पोचेस्तोवर डोकं जरा निवतं, धाकटे," म्हणायचे. बाबा गेल्यावर कारखाना मी चालवायला लागले, बायका मला मालकीणबाई म्हणायला लागल्या, पण भावजींच्या तोंडी मी धाकटी ती धाकटीच.

ताई सामन्याला लग्नानंतर एकदाच गेली. लोकांनी तिच्या सासूचा केलेला उद्धार ऐकून मध्यंतरालाच उठून घरी आली. पंचाला एक पास मिळतो, तो वाया कशाला घालवायचा म्हणून मग मी जायला लागले, आणि पुढे चटकच लागली. सगळ्यांत जास्त गर्दी व्हायची ती बसने तासाभरावर असलेल्या मोठ्या क्लबच्या मैदानावर. तिथे एका गोलच्या मागून वळत आलेला पत्र्याचा स्टँड होता. छप्पर इतकं बुटकं की आरोळी वर जायचीच नाही, सगळीच्या सगळी मैदानावर ओतली जायची. पंचाच्या माणसांना पास मिळायचा तो नेमका त्याच स्टँडचा. मी कोण आहे हे तिथे कुणाला सांगायची माझी कधी छाती झाली नाही.

त्या वर्षीचा शेवटचा सामना तिथेच होता. पाहुणा संघ एका लहान गावचा, मालकही जेमतेम ऐपतीचा. बरोबरी झाली असती तरी ते लीगमध्ये टिकले असते. हरले तर खालच्या दर्जात जाणार होते, आणि खाली गेले की मालक हात झटकणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. सामना संपत आला होता, गोल सारखे होते. तेवढ्यात घरच्या संघाचा एक जण गोलसमोर, पत्र्याच्या स्टँडच्या पुढ्यात, आडवा झाला. आख्खा स्टँड एका घशाने "पेनल्टी" म्हणून ओरडला. आणि भावजींनी शिट्टी मारली.

पाहुण्यांचा कप्तान त्यांच्याजवळ आला. त्याने आरडाओरडा केला नाही, हातवारे केले नाहीत. नुसतं विचारलं, "साहेब, तुम्ही बघितलं?" भावजी म्हणाले, "बघितलं." पेनल्टीवर गोल झाला आणि त्या गावाचा क्लब खाली गेला.

दुसऱ्या दिवशी टीव्हीवर तोच क्षण सावकाश फिरवून दाखवला. बचाव करणाऱ्याचा पाय पडणाऱ्याच्या पायापासून चांगला वीतभर लांब होता. मग काय विचारता! ज्याला जीभ होती त्याने तोंडसुख घेतलं. आमच्या कारखान्याच्या शटरवर कुणीतरी 'चोर' म्हणून रंगवून गेलं. ते मी रॉकेलच्या बोळ्याने पुसत होते तेव्हा समोरचा चष्मेवाला दात काढत म्हणाला, "किती मिळाले हो तुमच्या भावजींना?" मी हातातला बोळा त्याच्या दुकानाच्या काचेवर फेकून मारला. पुढचा हंगाम सुरू व्हायच्या आत त्या गावचा क्लब बंद पडला. तो शांत कप्तान कुठल्याशा गोदामात खोकी चढवायला लागला, असं कानावर आलं.

त्या दिवसांत भावजी संध्याकाळी बायका गेल्यावर कारखान्यात येऊन बसायचे आणि गरज नसलेल्या मशीनला तेल घालायचे. एकदा म्हणाले, "पैसे खाल्ले असते तर बरं झालं असतं, धाकटे."

"काहीतरीच काय बोलता भावजी!"

"खरंच सांगतो. मग निदान मला माहीत तरी असतं, शिट्टी मी का मारली ते. मला ते दिसलंच नव्हतं. मध्ये दोघं जण उभे होते. मला ऐकू आलं."

"पाय लागल्याचं?"

"तोच तर घोटाळा आहे ना. पाय लागल्याचा आवाज आलाच नाही. स्टँडचा आला. आणि शिट्टी वाजवून झाल्यावर मला वाटायला लागलं की मी पाहिलंय. त्या कप्तानाशी मी खोटं नाही बोललो गं. तेव्हा मला खरंच दिसत होतं."

मला भीती वाटली, हे मी कबूल करते. चोर ठरवलेला माणूस निर्दोष आहे हे सिद्ध करता येतं. हे काय सिद्ध करणार?

मग त्यांनी एक उद्योग सुरू केला. जुन्या सामन्यांची चित्रणं कुठून कुठून मिळवली. कापायच्या टेबलावर टीव्ही ठेवायचा, मी आवाज बंद करून एकेक प्रसंग लावायचा, त्यांनी बघून सांगायचं: दोषी, दोषी नाही. ते मी खडूने कापडाच्या चिंध्यांवर टिपून ठेवायची. मग काही दिवसांनी तेच प्रसंग, क्रम बदलून, आवाजासकट. आवाज बंद असला की ते दोन्ही संघांना सारखं मोजायचे. आवाज सुरू झाला की घरच्या संघासाठी हात सैल सुटायचा. थोडासाच. दर वेळी नाही. पण पत्र्याच्या स्टँडसमोर हमखास. त्यांनी दोन लाइनमन मित्रांना चहाला म्हणून बोलावलं आणि त्यांनाही तेच करायला लावलं. त्यांचंही तसंच निघालं. एकाने ते हसण्यावारी नेलं, दुसरा चहा अर्धा टाकून निघून गेला.

भावजी पंच समितीच्या सचिवाकडे गेले. सचिव स्वतः जुना पंच, सुटलेल्या पोटाचा, गोड बोलणारा. तो म्हणाला, "अहो, आपण सगळेच थोडे झुकतो. पण जो संघ आज पाहुणा असतो तो उद्या आपल्या घरी खेळतो, तेव्हा त्याच्या बाजूने झुकतं. वर्षभरात सगळं फिटून जातं."

"ज्यांचा क्लबच बंद पडला त्यांचं कधी फिटणार?" भावजींनी विचारलं. सचिवाने पंख्याचा वेग वाढवला आणि विषय बदलला. मी तिथे नव्हते हे सचिवाचं नशीब.

कापूस आला तो माझ्याच कारखान्यातून. कोटाच्या खांद्यात घालायला आम्ही दाबलेला कापूस आणायचो. त्याचा एक तुकडा भावजींनी फाडला, मेणबत्तीचं मेण लावून त्याची बोंडं वळली आणि कानांत बसवली. सगळी मशीन चालू असताना खोलीच्या मधोमध उभे राहिले. मग हसले. कितीतरी दिवसांनी हसले. "लांब कुठेतरी भट्टी चालू आहे असं वाटतंय," मोठ्याने म्हणाले. आपण किती मोठ्याने बोलतोय हे त्यांना कळत नव्हतं. बायका खो खो हसल्या. ताई काज करत बसली होती, ती मान वर न करता म्हणाली, "घरी माझं ऐकायचं नसतं तेव्हा पण हेच घालत जा." पण नंतर मला बाजूला घेऊन म्हणाली, "ह्यांचं सगळं डोकं कानांत आहे गं. तेच बुजवून हे कसे चालतील?" मी तिला उडवून लावलं.

आणि खरं सांगते, ते चालले. नुसते चालले नाहीत, पुढचं वर्षभर मी त्यांना इतकं सुखी कधी पाहिलं नव्हतं. लाइनमनना त्यांनी सांगून ठेवलं की मला हाका मारू नका, झेंडा दाखवा, मी तुमच्याकडे बघत राहीन. कापसाचं मात्र मला आणि ताईला सोडून कुणालाच सांगितलं नाही. समितीला कळलं असतं तर चांगलंच धारेवर धरलं असतं. आता ते ऐकण्याऐवजी धावायचे. चेंडूच्या इतक्या जवळ राहायचे की खेळाडू त्यांना अडखळायचे. आणि स्टँडकडे बघायचं नाही, हात उंचावणाऱ्या लोकांकडे बघायचं नाही, हा त्यांचा स्वतःशी केलेला नेम होता. पाहुण्या संघांचे कप्तान सामन्यानंतर येऊन हात मिळवायला लागले. घरचे संघ बोटं मोडायला लागले. "आपल्या मैदानावर हा माणूस आपल्यालाच पाण्यात बघतो," असं पत्र्याच्या स्टँडमध्ये माझ्या कानाशी कुणीतरी म्हणालं, तेव्हा मला हसूच आलं. वर्षानुवर्षं मिळालेली ओंजळभर जास्तीची साखर बंद झाली की चहा कडूच लागणार.

मग तो सामना आला. मैदान तेच, स्टँड तोच, पास माझ्या हातात. घरच्या संघात डाव्या बाजूचा एक बचावपटू होता, काटकुळा, उंच उडी मारणारा. लोक त्याला टोळ म्हणायचे, प्रेमाने. आमच्या स्टँडमध्ये त्याचा बाप यायचा. गाडीवर भाजी विकणारा माणूस, आणि आवाज असा की आख्ख्या स्टँडच्या वर त्याची एकट्याची आरोळी निघायची: "जा रे पोरा!" सगळे त्याच्या आरोळीची वाट बघायचे आणि मग मागोमाग ओरडायचे. त्या दिवशी तो माझ्या दोन रांगा पुढे बसला होता.

खेळ आमच्याच बाजूला होता. घरच्या संघाला कॉर्नर मिळाला म्हणून टोळ पुढे आला होता; उंच आलेल्या चेंडूसाठी तो उडाला, पाहुण्यांचाही एक जण उडाला, आणि दोघांची डोकी आपटली. पाहुणा डोकं चोळत उठला. टोळही उठला. भावजींनी त्याच्याजवळ जाऊन विचारलं, त्याने हाताने ठीक आहे म्हणून सांगितलं, खेळ पुढे सुरू झाला. इथवर सगळं रीतसर झालं. मग चेंडू पाहुण्यांना मिळाला आणि सगळे पलीकडच्या टोकाला धावत सुटले; भावजीही, चेंडूच्या मागे, आमच्याकडे पाठ करून. टोळ धावला नाही. तो उभ्या जागी दोन पावलं तिरका चालला, गुडघ्यांवर बसला आणि तोंडावर पडला. त्याचे पाय झटके द्यायला लागले.

स्टँडला ते दिसलं. पहिली आरोळी बापाची. "थांबव! अरे थांबव! पोरगं गेलं माझं!" त्याच्यामागे सगळे. मी त्या स्टँडमध्ये कितीतरी वर्षं शिव्या ऐकल्या, मागण्या ऐकल्या, धमक्या ऐकल्या. त्या दिवशी कुणाला काहीएक नको होतं, ना पेनल्टी, ना गोल. सगळ्यांना एवढंच हवं होतं की त्या माणसाने मागे वळून बघावं. मीही बाकावर चढून "भावजी! भावजी!" म्हणून किंचाळत होते. शेजारचे लोक माझ्याकडे बघायला लागले. मला ठाऊक होतं की त्यांना ऐकू येणार नाही. त्या सगळ्या स्टँडमध्ये हे मला एकटीला ठाऊक होतं, आणि तरी मी किंचाळत होते.

आमच्या बाजूचा लाइनमन झेंडा टाकून टोळकडे धावला. तो भावजींच्या पाठीमागे होता. घरचे खेळाडू एकेक करून जागीच थांबले. त्यांतला एक जण भावजींच्या बाजूने धावत गेला, त्यांची बाही ओढली, मागे बोट दाखवलं. भावजींनी बाही झटकून सोडवून घेतली. वर्षभर हेच तर चाललं होतं, घरच्या खेळाडूंनी ओरडायचं आणि त्यांनी ढळायचं नाही. समोर कुणी अडवायलाच उरलं नव्हतं. पाहुण्यांनी चेंडू आत ढकलला. भावजींनी गोलची शिट्टी मारली, मग बाही ओढणाऱ्याकडे वळून छातीवरच्या खिशातून पिवळं कार्ड काढलं आणि वर धरलं. तो खेळाडू रडत होता. ते रडणं बघून त्यांचा हात तसाच वर राहिला आणि नजर त्याच्या खांद्यावरून पलीकडे आमच्याकडे गेली.

तिथून ते जे धावत आले तसे मी त्यांना कधी धावताना पाहिले नाहीत. धावता धावता कानांतून बोंडं उपटून फेकत होते. स्ट्रेचर आलं, टोळला नेलं. तो पुन्हा शुद्धीवर आलाच नाही. आठवडाही न उलटता दवाखान्यातच गेला.

डॉक्टरांनी सांगितलं की डोक्यात शीर फुटली होती. लगेच उचललं असतं तर वाचला असता का? "असता किंवा नसताही. नक्की कुणीच सांगू शकणार नाही." भावजींनी हे वाक्य माझ्या तोंडून तीनदा वदवून घेतलं. चौथ्यांदा विचारायला लागले तेव्हा मी रडायला लागले, म्हणून थांबले.

चौकशी बसली. लोकांचं म्हणणं साफ होतं: पंच पाहुण्यांच्या बाजूचा आहे, वर्षभर आहे, त्यांचा गोल व्हावा म्हणून त्याने मुद्दाम खेळ थांबवला नाही. समितीने म्हणून भावजींचे वर्षभरातले सगळे निर्णय काढून तपासले. गोड बोलणारा सचिव समोर बसला होता. त्याने भावजींच्या तोंडात उत्तर आयतं ठेवलं: "आवाजच इतका होता की ऐकू येणं शक्य नव्हतं. असंच ना?"

"नाही," भावजी म्हणाले. "माझ्या कानात कापूस होता."

सचिवाने त्यांना बाहेर बसायला सांगितलं, दार लावून घेतलं, आणि अर्ध्या तासाने बोलावून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "हे तुम्ही बोलला नाहीत आणि आम्ही ऐकलं नाही. लीगची अब्रू जाईल, तुम्ही तुरुंगात जाल, आणि तो पोरगा काही परत येणार नाही." निकाल बाहेर आला तो असा की प्रेक्षकांच्या गोंगाटामुळे पंचाला कळू शकलं नाही, आणि त्याच्या वर्षभराच्या कामगिरीत पक्षपात मुळीच आढळत नाही. उलट असा समतोल पंच लीगमध्ये दुसरा नाही, असंही कुणीतरी त्यात घुसडलं. ज्या एका शेऱ्यासाठी माणसाने जिवाचं रान केलं होतं, तो शेरा मिळाला तो असा. पेपरात ते वाचून भावजी मोरीत जाऊन ओकले.

त्यानंतर ते हट्टालाच पेटले की टोळच्या घरी जाऊन खरं सांगायचं. मी म्हटलं, "कशाला? तुमचं मन हलकं व्हावं म्हणून त्या म्हाताऱ्याच्या जिवाला घोर लावणार?" मी बरंच तोडून बोलले. ते ऐकून घेत राहिले. शेवटी ताईच म्हणाली, "जाऊ दे त्यांना. तू बरोबर जा फक्त. एकटे नकोत."

घर दोन खोल्यांचं. दाराबाहेर भाजीची गाडी उलटी करून भिंतीला टेकवून ठेवलेली, तराजूची पारडी तिच्यावरच पडलेली. बाप खाटेवर बसला होता. आतल्या दाराशी आई उभी होती, ती शेवटपर्यंत तिथून हलली नाही. बापाने आम्हाला बसा म्हटलं. आवाज उरलाच नव्हता. नुसती हवा बाहेर येत होती. त्या दिवशी ओरडून ओरडून घसा गेला होता तो परत आलाच नव्हता. भावजींना पुढे वाकून ऐकावं लागत होतं.

"मी पंच," भावजी म्हणाले.

"ओळखलं." मग तो म्हणाला, "इतकं ओरडलो आम्ही. तुमच्यापर्यंत पोचलंच नाही का?"

"माझ्या कानात कापूस होता," भावजींनी सांगितलं, आणि मग सगळंच सांगितलं. पेनल्टी, बंद पडलेला क्लब, टीव्हीचा आवाज बंद करून पाहिलेले सामने. तुमच्या ओरडण्याने माझ्या हातून कुणावर अन्याय होऊ नये म्हणून मी तुमचं ओरडणंच बंद केलं, असं म्हणाले. सांगताना त्यांनी एकदाही डोळे खाली केले नाहीत. आतल्या दाराशी आईने पदर तोंडात कोंबला.

म्हातारा आपल्या पालथ्या हातांकडे बघत बसला. मला वाटलं, आता उठून मारणार. मारलं असतं तर मी मध्ये पडले नसते. पण तो म्हणाला, "समितीची माणसं येऊन गेली. म्हणाली, गोंगाटच तेवढा होता. कापूस नसता, तरी एवढ्या हजारो माणसांत माझा एकट्याचा आवाज तुम्हाला थोडाच वेगळा कळणार होता?"

तो त्यांना वाट करून देत होता. भावजींना नव्हे, स्वतःला म्हणा हवं तर. आपण फाडून घेतलेला घसा कशानेही उपयोगी पडला नसता, एवढंच त्याला कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं. मी मनातल्या मनात भावजींचे पाय धरले. नाही म्हणा. एवढा एक शब्द बोला. इथे कुठलाही संघ हरत नाही, कुणाचं काही जात नाही. एकदा तरी झुका.

भावजींनी मान एका बाजूला कलवली, डोळे अर्धवट मिटले. आमच्या कारखान्याच्या दारात पहिल्या दिवशी उभे होते, अगदी तसे. मग डोळे उघडून म्हणाले, "कळला असता."

म्हाताऱ्याने दोनदा मान हलवली. भिंतीला धरत उठला आणि आत गेला. आईने आम्हाला दार दाखवलं, आणि आम्ही बाहेर पडल्यावर आतून कडी लावून घेतली. परतीच्या बसमध्ये मी त्यांच्याशी बोलले नाही. पुढे कितीतरी दिवस बोलले नाही, इतका मला त्यांचा राग आला होता, आणि इतकी कीव.

शिट्टी त्यांनी सोडली. धंदा चालू आहे, पोट कुणाला चुकलंय. माझ्या कारखान्यात मशीन बिघडलं की अजूनही तेच येतात. पण आता ते दारातूनच हात वर करतात आणि सांगतात, "थांबवा. सगळ्या थांबवा." बायका हातातलं काम सोडून बसून राहतात, माझा अर्धा दिवस बुडतो. खोली पूर्ण शांत झाली की मगच ते आत येतात, आणि खिडकीपासून सुरुवात करून एकेक मशीन खोलून बघत बसतात.